मुकीचा पट्टा

पाच गाईंत ती एकटीच कधी हंबरायची नाही, म्हणून तिचं नाव मुकी. वर्ष झालं, ती गाभण राहिली नव्हती. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हिला मुका माज आहे. माजावर येते, पण खूण दाखवत नाही, आणि वेळ साधली नाही की कृत्रिम रेतन वाया जातं. बसून खाणारी गाय घराला परवडेना. सासूने व्यापाऱ्याला महिनाअखेरीस बोलावलं.

सुनेला मुकी विकू द्यायची नव्हती. तिने आपलं शिलाई मशीन विकून गाईच्या गळ्यातला यंत्राचा पट्टा आणला. गाय किती चालते, किती रवंथ करते, हे पट्टा अँटेनाला सांगतो आणि अँटेना फोनला. गाई शंभर असोत की पाच, अँटेना तेवढाच लागतो. मोठ्या गोठ्याला जो खर्च सायीएवढा, तो या घराला भांडंभर दुधाएवढा पडला. वर वर्षभर दरमहा हप्ता. उरल्या पैशांत पट्टा एकच आला.

नवव्या दिवशी फोनने कळवलं, की मुकी आजारी आहे, लंगडतेय आणि माजावरही आहे. सून धावत गोठ्यात गेली, तर मुकी निवांत रवंथ करत होती. पट्टा होता शेजारी बांधलेल्या तांबडीच्या गळ्यात.

पट्टा विकणारा माणूस बघायला आला तेव्हा सासूने सरळ कबूल केलं. हप्ता पाची जणींच्या दुधातून जातो, मग एकीनेच का मिरवावं? म्हणून ती रोज पाळी लावत होती.

“आजी, यंत्राला एकाच गाईची सवय लागावी लागते,” तो हसू दाबत म्हणाला. “त्याला वाटतंय, ही रोज नवा जन्म घेते.”

“म्हणजे चौऱ्याऐंशीचा फेरा गोठ्यातच उरकत होती म्हण की.”

सून हसली नाही. महिना संपायला एकवीस दिवस होते, आणि माजही एकवीस दिवसांनीच फिरून येतो, एवढंच तिने सांगितलं. सासूने पुन्हा पट्ट्याला हात लावला नाही.

त्यानंतर अठराव्या दिवशी भर दुपारी फोन वाजला. मुकी होती तशीच उभी होती. डॉक्टर येऊन रेतन करून गेले. पण ती खरंच राहिली का, हे तपासायला दोन महिने थांबायचं होतं, आणि व्यापारी तिसऱ्या दिवशी दारात हजर. आजचा भाव दोन महिन्यांनी निम्मा होईल, चारा-पेंड वेगळीच, असं तो म्हणाला. त्याचं गणित खोटं नव्हतं.

सासू सावकाश म्हणाली, “वर्षभर ती सांगत होती बापडी, आपल्यालाच ऐकू येत नव्हतं. आता एकदा ऐकलंय, तर पुरतं ऐकून घेऊ. तू ये आता, भाऊ.”

व्यापारी गेला. सुनेने पदराने डोळे पुसले आणि सासूला समजावलं, की माज परतला तर फोन पुन्हा वाजेल. नाही वाजला, तर आशा धरायची.

रेतनानंतरचा बाविसावा दिवस उजाडला, चोविसावाही मावळला. फोन गप्पच.

“अगं, शेजारणीला सांगून एक फोन लावून बघ,” सासू म्हणाली. “बंद तर नाही ना पडला मेला?”

शेजारणीने लावलेला फोन चांगला खणखणला. दोघींनी एकदमच मुकीकडे पाहिलं.