अर्जातला 'द'

अकोल्याच्या शाळेत उत्तमरावांनी सव्वीस वर्षं इंग्रजीचं एकच व्याकरण शिकवलं. 'अ' म्हणजे कोणतंही एक. 'द' म्हणजे तेच ते, सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असलेलं. सांगता सांगता घसा बसला, चष्मा लागला. आपल्या भाषेत असलं काही नसताना पोरांनी ते ध्यानात तरी का ठेवावं, हे स्वतःला विचारायचंही त्यांनी सोडून दिलं होतं. शाळा सुटली की लोक इंग्रजी अर्ज लिहून घ्यायला घरी येत. नाही म्हणायचाही त्यांना कंटाळा येई, म्हणून ते लिहून देत.

फाल्गुनात पार्बताबाई माळीण आली, तेव्हा वह्या तपासून त्यांचे डोळे चुरचुरत होते. तिच्या मळ्यातली विहीर आटली होती. बांधाला लागून सरकारी जागेत गोड्या पाण्याची विहीर होती. तिच्यावर मोट लावायला साहेबाची परवानगी हवी होती.

"इहिरीचं लिवून द्या, मास्तर. वांग्याले फुल लागून राहिलं."

त्यांनी लिहिलं, तिचा अंगठा घेतला. पंधरा दिवसांत हुकूमही आला. पण चैत्रात ती पुन्हा दारात उभी.

"सायबानं मले नाल्यापल्याडची इहीर देली. खारी हाये ते. ढोरं तोंड लावत नाहीत तिले. काहून असं केलं त्यानं?"

उत्तमरावांनी अर्जाचा कच्चा खर्डा काढला. त्यांच्याच वळणदार अक्षरात होतं, 'अ वेल', म्हणजे कोणतीही एक विहीर. मळ्याजवळची एक विहीर द्यावी. मळ्याजवळ सरकारी विहिरी दोन होत्या. साहेबानं त्यातली एक दिली होती, आणि गोडी रस्त्याच्या कामाला राखून ठेवली होती.

चूक कचेरीवर ढकलून ते मोकळे झाले असते. हे वाचणारं तिच्या घरात कोणी नव्हतं. त्यांनी खर्ड्यातल्या त्या 'अ'वर बोट ठेवलं.

"चूक साहेबाची नाही, पार्बताबाई. माझी आहे."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते तिच्याबरोबर कचेरीत गेले. नव्या अर्जात त्यांनी लिहिलं, की चूक या बाईची नसून लिहिणाऱ्याची आहे, आणि लिहिणारा इंग्रजीचा शिक्षक आहे. हेडक्लार्कानं ती ओळ सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. दोघेतिघे हसले. उत्तमराव मान खाली घालून उभे राहिले. राग यायला हवा होता, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

गोडी विहीर मिळाली ती रस्त्याचं काम संपल्यावर, वैशाखाच्या शेवटी. तोवर वांगी वाळून गेली होती. उत्तमराव मळ्यात गेले, तेव्हा ती झाडं उपटून बांधावर टाकलेली दिसली. नुसती मोट चालू होती.

"तुमचं चुकलं काय होतं, मास्तर?"

"एक बारकासा शब्द. 'तीच विहीर' असं सांगणारा."

"मी त तुमाले तिचंच सांगतलं होतं. दुसरी कोन मांगन?"

"मला कळलं होतं. साहेबाला कळवायचं राहिलं."

तांब्या भरून तिनं त्यांच्यापुढे ठेवला.

"आता मेथी टाकू," ती म्हणाली आणि पाटाचं तोंड फोडायला निघाली. उत्तमराव विहिरीच्या काठावर बसून राहिले. वाफे एकामागून एक काळे होत गेले. शेवटचा भिजेपर्यंत ते उठले नाहीत.