माझ्या पोटातला अर्ज

मी एक जुनी छपाईची मशीन आहे, मित्रांनो. मुद्रण शिकवणाऱ्या कॉलेजात, तळमजल्यावरच्या खिडकीशी माझा मुक्काम. तरुणपणी मी अशी धावायचे की कागद पुढे निघून जायचा आणि शाई धापा टाकत मागून यायची. खोटं वाटतंय? वाटू द्या. पुढचं मात्र अक्षरन् अक्षर खरं आहे.

वीस वर्षं एका छापखान्यानं मला डोक्यावर घेतलं. मग नव्या मशिनी आल्या आणि मी गोणपाटाखाली गेले. कॉलेजच्या सरांनी मला तिथून उचललं, तेलपाणी केलं. तेव्हापासून दरवर्षी नवे अनाडी हात मला छळतात आणि मी त्यांना शहाणं करून सोडते.

त्यांतली माझी लाडकी म्हणजे ठिपकी. भिंगातून सारखे छापलेले ठिपके बघते, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. कॉलेजच्या प्रदर्शनाला तिचे बाबा आले. औषधांचं दुकान त्यांचं. खिशात तिला कॉलेजातून काढायचा अर्ज, लिहून तयार!

"सगळं जग मोबाईलवर वाचतं. तू छापून देणार कुणाला? रद्दीवाल्याला?"

"आजचं काम बघा, बाबा. नाही पटलं तर खुशाल द्या अर्ज."

माझे रूळ शहारले. छापायची होती औषधाची खोकी. मी अशी सुटले म्हणता! रंगीत कागद धडाधड पडू लागले, टाळ्या वाजल्या. तेवढ्यात ठिपकीनं एका कागदावर भिंग धरलं आणि मला थांबवलंच!

"अगं, झकास येतंय की!" सर म्हणाले.

"कोपऱ्यात 'दोन थेंब' पुसट येतंय, सर. कागदावर शाई उमटवणाऱ्या रबराच्या चादरीला तिथे खळगा पडलाय."

"प्रदर्शनापुरतं चालेल गं."

ठिपकीनं भिंग बाबांपुढे धरलं. "तुमच्या दुकानात चालेल?"

बाबांनी बराच वेळ पाहिलं. "छे! परवाच एक आजोबा असलंच खोकं घेऊन परत आले. दोन की दहा, मलाही कळेना. हे तपासायचं काम असतं कुणाचं?"

"आमचं. इथूनच शिकून गेलेली आमची एक ताई खोक्यांच्या कारखान्यात हेच करते. लेबलं, पुस्तकं, कपड्यांवरची नक्षी... शाई लागते तिथे आम्ही लागतो, बाबा!"

आता खळगा वर उचलायला चादरीखाली नेमक्या जाडीचा पातळ कागद हवा होता. पोरांनी कपाटं उपसली. जाडी मोजायच्या यंत्रात एकेक कागद नापास! बाबांनी हळूच खिशात हात घातला.

"हा बघ बरं मोजून."

काटा नेमका जागेवर!

"बाबा, पण हा तर अर्ज..."

"फाड गं! आजोबा खोळंबलेत तिकडे."

अर्जाचा तुकडा चादरीखाली गेला आणि 'दोन थेंब' असे उमटले की भिंगाचीही गरज उरली नाही. त्या दिवशी मी इतकी धावले की खिडकीबाहेरचे कावळे रंगीत झाले.

तो तुकडा अजून माझ्या पोटात आहे. तेव्हा मित्रांनो, कुठलीही म्हातारी मशीन भंगारात घालण्याआधी तिला चमचाभर तेल पाजून बघा. आणि पोरांना कॉलेजातून काढायचा अर्ज लिहायचाच झाला, तर कागद तेवढा पातळ घ्या. माझ्या चादरीला अजून दोन खळगे आहेत.