खिशावरचं नाव

मंजुळाबाईंनी शर्टाच्या खिशात बोटं घातली, पण ती आत जाईनात. खिशावर मशिनीनं काढलेलं 'गणराज' हे नाव झकास उमटलं होतं, आणि त्याच टाक्यांनी खिसा मागच्या कापडाला पक्का शिवून टाकला होता.

"आता ह्या माणसानं पेन कुठं ठेवायचा?" त्यांनी विचारलं.

निगडीच्या त्या भरतकाम-मशिनींच्या शोरूममधला विक्रेता अनिश हसला. त्यांचा मुलगा दिग्विजय मात्र ओशाळला. आईनं पिशवीत घालून आणलेला हा कंपनीचा शर्ट त्याला सकाळपासूनच खुपत होता. महिनाभर त्यानं मोबाइलवर भरतकामाच्या मशिनींचे व्हिडिओ पाहिले होते. चाकणच्या बसमध्ये पाहिले, जेवताना पाहिले. समोरची ही दोन डोक्यांची, एका वेळी दोन नावं काढणारी मोठी मशीन तर त्यानं मनातल्या मनात घरी नेऊन तिला हारही घातला होता. आणि आई बघा, खिशात बोटं घालत बसली होती!

"अगं, हा डेमो आहे. कापडाचे तुकडे लावले की बघ कशी पळते."

"माझ्याकडं तुकडे येतात व्हय रे? शर्ट येतात, शिवलेले."

खरंच होतं ते. भोसरीतल्या कारखान्यांचे शर्ट वीस वर्षं त्यांच्या हाताखालून जात होते. पायमशिनीवर, कापड रिंगेत ताणून, त्या कामगारांची नावं खिशांवर काढत. खिशाची एक बाजू उसवायची, नाव काढायचं, मग जुन्याच भोकांतून परत टीप मारायची. शेवटी खालच्या कोपऱ्याला तीन टाके दुहेरी घ्यायचे, ही त्यांची स्वतःची खोड. एक भोक चुकलं तरी शर्ट ठिगळ लावल्यासारखा दिसतो. मंजुळाबाईंचं चुकत नसे. कुठल्या वर्गात शिकल्या नव्हत्या की कुणी हाताला धरून शिकवलं नव्हतं, पण असला हात लाखात एक! गेल्या दिवाळीपासून मात्र तीच भोकं धूसर दिसू लागली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, बारीक काम बंद. आता मशीन घेतली तरच हे काम राहणार होतं, आणि चुकीची घेतली तर दुसरी घ्यायची ऐपत नव्हती.

"काकू, सफाईची काळजीच सोडा," अनिशनं स्वतःच्या शर्टाचा खिसा पुढे केला. त्यावर निळ्या धाग्यात शोरूमचं नाव होतं. "हे बघा. असलं काम हातानं होईल का कधी?"

मंजुळाबाईंनी चष्मा वर सरकवला आणि वाकून पाहिलं. खिशाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. तीन टाके दुहेरी होते.

"ह्याचा खिसा उघडा हाय की," त्या म्हणाल्या. "कुठल्या मशिनीवर केलं?"

अनिश घुटमळला.

"आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू? तयार शर्ट आम्ही बाहेर देतो. भोसरीला पिंटूशेठ म्हणून आहेत, ते करून आणतात. भलतीच भारी मशीन आहे म्हणे त्यांच्याकडे. पण कोणती, ते काही केल्या सांगत नाहीत."

"पिंटूशेठ? म्हणजे आपला..."

आईनं दिग्विजयच्या हातावर हात ठेवला. पिंटूशेठ दर शनिवारी शर्टांची गठडी घेऊन त्यांच्याच दारात येत असे. दिग्विजय अनिशच्या खिशाकडे बघत राहिला. लहानपणापासून त्यानं हे काम पाहिलं होतं, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

"ती कोपऱ्यातली बारकी दाखवता का?" मंजुळाबाई म्हणाल्या. "तिचा हात निमुळता दिसतोय, खिशात शिरंल."

"ती परवाच आलीय. पण एकाच डोक्याची आहे, काकू. कमी काम निघतं."

"निघू द्या."

अनिशनं पिशवीतला दुसरा शर्ट घेतला आणि त्याचा खिसा मोजा चढवावा तसा मशिनीच्या हातावर चढवला. नाव उमटलं. मंजुळाबाईंनी खिशात बोटं घातली. ती थेट तळापर्यंत गेली. मग आतली बाजू उलटून टाके पाहिले, धागा ओढून पाहिला.

"हीच," त्या म्हणाल्या.

दिग्विजयनं मोठ्या मशिनीकडे वळूनही पाहिलं नाही.

अनिश फॉर्म भरायला बसला. "जुनी मशीन बदल्यात द्यायची असेल तर लिहितो. आतापर्यंत कशावर करायचात काम?"

"पिंटूशेठ जिचं नाव सांगत नाहीत ना," दिग्विजय म्हणाला, "ती आमच्याच घरी असते. तिला फक्त आता चष्मा लागलाय. बदल्यात नाही द्यायची."

अनिशचं पेन थांबलं. त्यानं आपल्या खिशाकडे पाहिलं, मग मंजुळाबाईंकडे. त्यांचं लक्षच नव्हतं. स्टूल पुढे ओढून त्या नव्या मशिनीसमोर बसल्या होत्या.

"हिची सुई कशी ओवायची, ते सांगा आधी," त्या म्हणाल्या.