योगीराजचं अपयश

दत्तरावांच्या योगीराजचा धंदा बुडाला, म्हणून गावानं त्याचा सत्कार केला. बुडाल्याबद्दल शाल कशी काय देतात, हे मला अजून कळलेलं नाही.

आमचं गाव पोखर्णीपासून बरंच आत. इथली पोरं परभणीत खोल्या करून शिकतात आणि त्यांचे डबे घरून जातात. गावातला सूर्यभान थोड्या पैशांत रोज सकाळी आपल्या जीपमधून सगळे डबे न्यायचा. कुणाच्या भाकरी व्हायच्या असल्या तर दारात हॉर्न वाजवत थांबायचा. माझी प्रियांका तिथं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. डबा घरचा होता म्हणून खोलीचं भाडं झेपत होतं. भाडं आणि मेस, दोन्ही माझ्या शिलाईवर निघालं नसतं.

मग योगीराज पुण्याहून आला. त्यानं डबे पोचवायचं ॲप काढलं, नव्या गाड्या आणल्या आणि तो डबे फुकट न्यायला लागला. "जुनी सिस्टीम मोडल्याबिगर नवी येत न्हाई, काकू," असं मला समजावायचा. फुकट कुणाला नको असतं? सूर्यभाननं जीप विकली आणि बायकापोरांना घेऊन येलदरीकडे सासरवाडीला गेला.

पावसाळा सरता सरता पैसा संपला, ॲप बंद पडलं आणि गाड्याही थांबल्या. एसटीवाले डबे घ्यायला तयार होईनात.

सत्काराला उत्तर देताना योगीराज म्हणाला, "मी फेल झालो, याचा मला अभिमान आहे. रिस्क घ्यायला शिका." टाळ्या पडल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी ओलिताची जमीन, बापाचं खताचं दुकान, ह्याची रिस्क ती कोणती? ह्याच्या ताटातली एक भाजीसुद्धा कमी झाली नाही. रिस्क होती सूर्यभानची, आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

कार्यक्रम सुटला तेव्हा प्रियांका पारापाशी उभी होती. हातात पुस्तकांची पिशवी, पायाशी गुंडाळलेली गादी.

"खोली सोडली, आई. एकदाच जेवून अभ्यास होईना. चक्कर यायलीय."

मी काही बोलणार तोच शाल सावरत योगीराज आला. "बरं झालं प्रियांका आली, काकू. आता दुसरा स्टार्टअप काढायलोय. फोनवर बोलायला हुशार पोरगी पायजेच होती."

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण माझ्याआधी प्रियांका बोलली.

"पगार किती देणार, दादा?"