बरगड्यांचा मान

मित्रांनो, मी एक जुना ओंडका आहे. फणसाच्या खोडाचा, गुडघाभर उंचीचा आणि मधोमध चांगलाच खोलगट झालेला. सुऱ्याच्या घावांनी मला असं केलं, पण त्या सुऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. प्रत्येक घावामागे कोणाचं तरी लग्न होतं, कोणाचं तरी बारसं होतं, कोणाला तरी दिलेला शेवटचा निरोप होता. अशा कामात झिजायला मिळणं हे भाग्यच म्हणायचं.

तोबा सरोवराच्या वर, डोंगरात, बांबूच्या दाट कुंपणाआड आमचं मूठभर घरांचं गाव आहे. तिथे मी झाड होतो. एका वादळात आडवा झालो तो थेट डुकरांच्या गोठ्यावर. डुकरं वाचली, मी गेलो. घराचे म्हातारे मालक माझ्या खोडावर हात फिरवून म्हणाले, "इतकी वर्षं याने गावाला गरे वाटले. आता मटण वाटेल." त्यांनी मला कापलं, राखेच्या पाण्यात भिजवलं आणि चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळवलं. मी आजवर तडकलो नाही तो त्यांच्याच कृपेने.

आमच्याकडे डुकराचं मटण नुसतं कापत नाहीत, मानाप्रमाणे वाटतात. जबडा लेकी-जावयांचा. बरगड्या मात्र ज्या घरातून बायको आणली त्या घराच्या, आणि त्या अख्ख्याच्या अख्ख्या त्यांच्यापुढे ठेवायच्या. कापाकापी आणि रांधणं जावयांकडे. आज माझ्यापुढे घाम गाळणारा जावई उद्या आपल्या मुलीच्या सासरी जाऊन मानाच्या चटईवर ऐटीत बसतो. त्यामुळे कोणी कायमचा मोठा नाही आणि कोणी कायमचा गडी नाही. ही रीत मला फार आवडते.

म्हातारे मालक गेले आणि माझे दिवस फिरले. बाजारातून कापलेलं मटण पिशवीतून येऊ लागलं. आमची घरं खांबांवर उभी; मी घराखाली पडून राहिलो. कोंबड्या माझ्यावर बसत आणि कोंबड्या जिथे बसतात तिथे जे करतात तेही करत. मग मालकांचा मुलगा हसुदुंगान याला पहिली मुलगी झाली, सोंदांग. तिच्या बारशासाठी मला बाहेर काढून घासूनपुसून अंगणात मांडलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

सुरा धरला होता मारोलोपने. हा हसुदुंगानच्या बहिणीचा नवरा, म्हणजे घरचा जावई. हात सफाईदार, तोंड त्याहून. पण त्या दिवशी बारशाची प्रार्थना आटोपून चर्चमधून अंदाजापेक्षा कितीतरी जास्त माणसं आली. त्याची बायको लास्मा पातेल्यात डोकावून म्हणाली, "अहो, तळ दिसायला लागला. मागची पंगत अजून बसायचीय."

"मग काय, माझी मांडी कापून घालू?"

"नको. नुसती ताडीच निघेल त्यातून."

मारोलोप हसला, पण त्याचा जीव कासावीस झाला होता. पाहुणा उपाशी गेला तर घराची अब्रू जाते. केळीच्या पानाखाली बरगड्या झाकून ठेवल्या होत्या. त्याने त्या उचलल्या, माझ्यावर ठेवल्या आणि तुकडे करून रश्श्यात सोडल्या. शेवटचा माणूसही पोटभर जेवून उठला.

मग सोंदांगच्या आजोबांपुढे मानाचं ताट आलं. तिची आई तियोमिना हिचे हे वडील, मांगिहुत, डोंगरापलीकडच्या गावचे. त्यांनी पान उचलून पाहिलं.

"बरगड्या?"

"रश्श्यात गेल्या, मामा," मारोलोप खाली मान घालून म्हणाला. "माणसं वाढली हो."

"असं होय! मी आपला सोयऱ्यांकडे आलोय असं समजत होतो. ही तर खाणावळ निघाली," म्हातारा म्हणाला आणि उठला.

त्याच्या बायकोच्या पिशवीत उलोस होतं, आजोळने नातीला द्यायचं हातमागाचं वस्त्र. बाळाला पाठीशी बांधायचं ते त्यातच. आजीने दोन सुग्या बसून ते विणलं होतं. ते तसंच परत गेलं. नातीच्या आशीर्वादासाठी आणलेला, हळदीत शिजवलेला मासाही परत गेला. तियोमिना बाळाला घेऊन पायरीवर उभी होती. तिचा चेहरा पाहून मला रडू आलं असतं, जर ओंडक्यांना रडता येत असतं तर.

पुढे ती बाजारातल्या कापडात बाळ बांधून शेतात जाऊ लागली. झऱ्यावर बायका विचारत, "अगं, आजोळचं उलोस कुठंय?"

"धुवायला टाकलंय."

"रोजच?"

ती घागर उचलून चालू लागे. आजोळचा आशीर्वाद नसलेलं लेकरू, असं कोणी तोंडावर म्हणालं नाही, पण म्हणायचं ते तेच होतं. घरात हसुदुंगान आणि मारोलोपची जुंपली.

"मी काय पाहुणे उपाशी धाडायला हवे होते?" मारोलोप ओरडला.

"नाही, दाजी. पण माझ्या सासऱ्यांना विचारायचं तरी होतंत."

मारोलोपची नजर माझ्यावर गेली. म्हणाला, "दुसरं डुक्कर घेऊ. पण इथे कापून नेलं तर म्हातारा म्हणेल उरलंसुरलं आणलं. ओंडकाच नेऊ. त्यांच्या अंगणात, त्यांच्या डोळ्यांदेखत कापू."

आणि त्याने मला खांद्यावर घेतलं! लास्मा मागून चालत होती. म्हणाली, "लग्नात मला तरी कधी उचललंत एवढ्या प्रेमाने?"

"तू याच्याहून जड होतीस," धापा टाकत मारोलोप म्हणाला.

हसुदुंगान डुक्कर हाकत, तियोमिना बाळाला घेऊन, असे कॉफीच्या बागांतून, खिंडीतून आम्ही सगळे पलीकडे उतरलो. सगळ्यांच्या मनात एकच भीती होती, म्हाताऱ्याने दारातूनच हाकललं तर? मांगिहुत ओसरीवर बसून होते. उठले नाहीत, पण 'जा' असंही म्हणाले नाहीत. मारोलोपने मला अंगणात ठेवलं आणि कामाला लागला. इतक्या जपून सुरा चालवलेला मी कधी अनुभवला नव्हता. अख्ख्या बरगड्या पानावर ठेवून हसुदुंगान आणि तियोमिना यांनी दोन्ही हातांनी त्या पुढे केल्या.

"बाबा, आमचं चुकलं."

म्हाताऱ्याने पान मांडीवर घेतलं आणि नुसता बघत बसला. शेवटी आजीच वैतागली. "आता काय, गप्पा मारणार त्या बरगड्यांशी?"

तेव्हा मांगिहुत उठले. सरळ माझ्याकडे आले. मारोलोपच्या हातातला सुरा घेतला आणि त्या अख्ख्या बरगड्यांचे खटाखट तुकडे केले. भावांना दिले, शेजाऱ्यांना दिले, कुंपणावर बसलेल्या पोरांच्या हातावर ठेवले. एक मोठा तुकडा मारोलोपला दिला. स्वतःसाठी जवळजवळ काहीच ठेवलं नाही.

मारोलोप तोंड उघडं टाकून बघत राहिला. म्हातारा म्हणाला, "वेड्या, त्या दिवशी मला विचारलं असतंस, तर मीही हेच केलं असतं."

आजी आतून ते उलोस घेऊन आली. तियोमिनाच्या खांद्यावरून फिरवून तिने सोंदांगला त्यात घट्ट बांधलं. सोंदांगने लगेच ते ओलं केलं आणि अख्खं अंगण हसलं. तियोमिना मात्र रडत होती, आणि रडता रडता हसत होती.

मित्रांनो, त्या दिवसापासून घरात मला चुलीजवळची कोरडी जागा मिळाली आहे. काम झालं की राखेने घासतात, उन्हात ठेवतात. मी सगळ्यांचा ऋणी आहे. तुमच्याही घरात एखादी जुनी, कामाची वस्तू असेल, तिला ओलीत टाकू नका. आणि तुमच्या घरातल्या कोणाचा काही मान असेल आणि तो मोडायची वेळ आली, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. बहुतेक माणसं हो म्हणायलाच बसलेली असतात.