कादंबरीच्या अंबाड्यातला क्लचर

मी एक जुना क्लचर आहे. केसांना लावतात तो. रंग तपकिरी, दोन्ही बाजूंना दात आणि मधे एक स्प्रिंग. मित्रांनो, तुमच्या घरात माझे दोन-चार भाऊबंद नक्की असणार. कुणी सोफ्याच्या फटीत, कुणी बाथरूममधल्या खिळ्यावर. एरवी आमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, पण हरवलो की लगेच घर डोक्यावर घेतात. असो. आमचं नशीबच तसं.

माझा जन्म उल्हासनगरच्या एका छोट्या कारखान्यात झाला. साच्यातून माझे दोन अर्धे भाग निघाले, मग एका बाईंनी त्यात स्प्रिंग बसवली आणि मी पहिल्यांदा कचकन तोंड मिटलं. तेव्हा जाम भारी वाटलेलं! पण लगेच एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला आजही खुपते. मला तोंड मिटता येतं, पण स्वतःहून उघडता येत नाही. कुणीतरी बोटांनी दाबलं तरच मी सुटतो.

डोंबिवलीत मानपाडा रोडवर एका फेरीवाल्याच्या टोपलीत मी बरेच दिवस पडून होतो. मुली यायच्या, मला उघडून बघायच्या आणि "ई, किती घट्ट आहे हा" म्हणून परत टाकायच्या. मला राग यायचा. घट्ट असणं हा काय गुन्हा आहे? मग एक दिवस नंदा आली. तिने मला स्वतःच्या बोटावर लावून बघितलं, "आई गं!" म्हणून ओरडली आणि खूश झाली.

"हाच दे, दादा. केस अजिबात सुटायला नकोत," ती म्हणाली.

कोणी तरी माझ्या घट्टपणाचं कौतुक केलं म्हणून मी फुगून गेलो. कशासाठी नेतायत ते घरी गेल्यावर कळलं.

नंदाची मुलगी कादंबरी. घोडबंदर रोडवरच्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. तिचे केस जन्मापासून कुरळे, दाट, स्वतःच्या मर्जीने वाढणारे. लग्नाचं बघायला सुरुवात झाली तेव्हा नंदाने तिला पार्लरमध्ये नेऊन केस सरळ करून घेतले आणि मगच बायोडेटासाठी फोटो काढला. फोटो झकास आला. पण केस वाढले की मुळाशी पुन्हा कुरळे यायचे, म्हणून पुन्हा पार्लर. दुसऱ्या वेळी त्या औषधाने कादंबरीची टाळू भाजली. कानामागे फोड आले, विंचरताना केसांचे पुंजके हातात यायला लागले. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता केमिकल बंद. कादंबरीने बंद केलं.

आणि नेमकं तेव्हाच त्या फोटोवरून वर्तकनगरच्या सुदेशचं स्थळ आलं.

आता पंचाईत अशी, की कादंबरीच्या डोक्यावर वरचे केस कुरळे आणि खालचे शेपटासारखे सरळ. दोन वेगवेगळ्या बायकांचे केस एकत्र शिवल्यासारखे. फोटोतली मुलगी ती हीच, हे सांगायचं कसं? म्हणून मी. सुदेशकडचे बघायला आले त्या दिवशी नंदाने सगळे केस ओढून, पिळून अंबाडा घातला आणि मला वरून दाबून बसवलं.

"लग्न होईस्तोवर केस सोडायचे नाहीत. झिपऱ्या दिसतात," ती म्हणाली. "लग्नाच्या आठवड्यात पार्लरची वेळ घेऊन ठेवते. एकदा सरळ केलं की झालं."

"आणि त्यानंतर?" कादंबरीने विचारलं. "आयुष्यभर डोकं भाजत बसू?"

"त्यानंतरचं त्यानंतर बघू गं."

लग्न ठरलं. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख निघाली. आणि माझे ते बंदिवासाचे महिने सुरू झाले. हो, माझेच. केसांना मी धरलेलं आणि मला केसांनी. सकाळी घाईत कादंबरी ओले केस तसेच बांधायची, मी त्या ओलाव्यात दिवसभर कुबट होऊन बसायचो. घोडबंदर रोडला ट्रॅफिक तुंबलं की बस तासन्‌तास हलायची नाही, आणि तिच्या कपाळाच्या शिरा ताणलेल्या मला जाणवायच्या. माझे दात थेट त्या दुखऱ्या जागेवर टेकायचे. ती बोट घालून मला जरा सैल करायची. पण माझी स्प्रिंग पडली नवीकोरी, मी पुन्हा घट्ट. मला फार वाईट वाटायचं, मित्रांनो. पण करणार काय?

एकदा ती आणि सुदेश तलावपाळीला भेळ खात बसले होते. तो म्हणाला, "फोटोत तुझे केस किती मस्त आहेत यार. सोड ना एकदा."

"गरम होतं रे," ती म्हणाली आणि भेळेतली पुरी उगाच मोडत बसली.

रविवारची दुपार मात्र आमची सुट्टी. ती मला खिडकीत ठेवायची आणि केसांची निगा राखायची. कोरड्या कुरळ्या केसांवर फणी चालवायची नाही हे ती तोपर्यंत शिकली होती. केस ओले करून कंडिशनर लावायची, मोठ्या दातांच्या कंगव्याने शेंड्यांकडून वर गुंता सोडवायची, आणि टॉवेलने न घासता जुन्या सुती टीशर्टात गुंडाळायची. अळशी उकळून तिचा बुळबुळीत रस गाळून घ्यायची आणि तोच केसांना चोपडायची. एकदा तो वाटीतला रस तिच्या बाबांनी, म्हणजे आबांनी, पिऊन टाकला. त्यांना वाटलं, आपल्या गुडघ्यांसाठी केलाय. "कढण बरं झालंय, मीठ तेवढं राहिलं," ते म्हणाले. कादंबरी हसून हसून लोळायची बाकी राहिली. आणि वरचे कुरळे केस दर रविवारी असे चमकायचे, की मी नुसता बघत राहायचो! संध्याकाळ झाली की नंदा मला उचलून आणायची. "बांध गं. कुणी आलं तर झिपऱ्या दिसतील."

लग्न जवळ आलं तसा दोन्ही घरांचा बस्ता निघाला. बस्ता म्हणजे लग्नाच्या कपड्यांची खरेदी, दोन्हीकडच्यांनी एकत्र बसून करायची. ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या एका दुकानात पांढऱ्या गादीवर सगळे बसले. एका बाजूला नंदा आणि आबा, दुसऱ्या बाजूला सुदेश आणि त्याची आई, वैशालीकाकू. दुकानदार साड्यांवर साड्या उलगडत होता. वैशालीकाकूंना एक मोरपंखी शालू फार आवडला. त्यांनी कादंबरीला आरशासमोर उभं करून तिच्या खांद्यावर पदर टाकला.

"असं नाही कळत. केस सोड बघू जरा. एवढे सुंदर लांब केस आहेत तुझे, फोटोत बघितलेत मी."

नंदाचा चेहरा पडला. "अहो, राहू दे ना विहीणबाई. घाम आलाय तिला."

"एसीत कसला घाम?"

कादंबरीने आरशात स्वतःकडे पाहिलं. तिचा हात मागे आला. मी घाबरलो. मला वाटलं, ती मला अजून घट्ट करणार. तिने मला दाबलं आणि उघडलं. केस धपकन खाली आले. वरून कुरळे, खाली सरळ, मधे ती नको असलेली रेघ. दुकानदाराच्या हातातली अर्धी उलगडलेली साडी तशीच राहिली.

"फोटोतले केस पार्लरमध्ये सरळ केलेले," कादंबरी म्हणाली. "माझे हे आहेत. औषधाने डोकं भाजलं माझं. मी परत सरळ करणार नाही. लग्नातही नाही."

"आधी सांगायचं ना," वैशालीकाकू एवढंच म्हणाल्या.

"सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

सुदेश काही तरी बोलायला गेला, पण त्याच्या आईने बॅग उचलली होती. शालू तिथेच गादीवर राहिला. मी कादंबरीच्या मुठीत होतो आणि ती मूठ घामाने ओली झाली होती.

पुढचे काही दिवस त्या घरात कोणी नीट जेवलं नाही. सुदेशचे फोन यायचे, पण तोही म्हणायचा, "आई काहीच बोलत नाहीये गं." शेवटी नंदाचा बांध फुटला.

"मी लग्न होऊन आले तेव्हा तुझी आजी चारचौघांत मला झिपरी म्हणायची," ती रडत म्हणाली. "नावाने कधी हाकच मारली नाही. तुला कुणी तसं म्हणू नये म्हणून केलं गं हे सगळं."

कादंबरी हळूच म्हणाली, "पण आई, मला रोज तसं कोण म्हणायचं?"

नंदाने डोळे पुसले, फोन उचलला आणि पार्लरला सांगितलं, "आम्ही येणार नाही. नाही, पुढची तारीखही नको." लग्न होणार की मोडणार हे तेव्हा तिला माहीत नव्हतं. आबा कपाटाला टेकून उभे होते. त्यांनी कात्री आणून दिली. कादंबरीला खुर्चीत बसवून नंदाने तिचं सरळ शेपूट स्वतःच्या हाताने कापून टाकलं. राहिलेले केस मानेवर असे उसळून बसले, की नंदा त्यात बोटं घालून बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी वैशालीकाकूंचा फोन आला. नंदाने स्पीकर लावला.

"आधी तो लग्नाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा फोटो बदला," काकू म्हणाल्या. राग अजून गेला नव्हता. मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि उष्टी हळद घेऊन येऊ तेव्हा नाहाणाला काय आणू? शिकेकाई चालते का तिच्या केसांना? मला काही कळत नाही त्यातलं."

नंदाने फोन कादंबरीपुढे धरला. कादंबरीनेच सांगितलं, काय चालतं ते.

लग्नात तिने केस मोकळे सोडले आणि एका बाजूला नुसता गजरा माळला. हे मी नंदाच्या मोबाईलवर बघितलं, कारण मला कोणी नेलंच नाही. सध्या मी नंदाच्याच स्वयंपाकघरात रव्याच्या पुडीचं तोंड धरून बसलोय. अंगाला रवा लागतो, मुंग्या येतात. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण रव्याचं डोकं दुखत नाही.

मित्रांनो, ओले केस बांधू नका. कुरळे केस कोरडे ओढू नका, आणि आरशात बघून त्यांना नावं ठेवू नका. आणि मोठ्यांनाही माझा एक निरोप द्या. मुलीच्या डोक्यावर क्लचर दाबून बसवण्याआधी तिला विचारा, "दुखतं का गं?" ती हो म्हणाली, तर हात मागे घ्या.