वरची कडी

"आजोबा, कडी दाराला वर होती की खाली?"

नातीने हातातल्या कागदावरून नजर न उचलता विचारलं आणि बॅटरीकाकांनी दारावरची नजर काढून घेतली. प्रश्न तसा साधा होता. सुतार हातोडी घेऊन खोळंबला होता, एवढंच.

"वर," ते म्हणाले. "टाचा उचलल्याशिवाय हात पोचायचा नाही, इतकी वर."

"बघा, म्हणूनच धुरात कुणाला सापडली नाही," नात सुताराला म्हणाली. त्याने कडी ठोकली.

थिएटरच्या अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवण्यात उमर गेली, म्हणून ते बॅटरीकाका. त्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती त्यांनी इतक्यांदा सांगितली होती की घरातलं मांजरही ती म्हणून दाखवेल. चाळीस वर्षांपूर्वी दुपारच्या खेळाला आग लागली. माणसं बाजूच्या दाराशी चेंगरली, दार काही उघडेना. बॅटरीकाकांनी धुरात घुसून वरची कडी काढली आणि दोनशे माणसं बाहेर पडली. चार आतच राहिली.

नात त्याच गोष्टीवर सिनेमा करत होती. आजोबा सांगणार, ते सांगतील तसं पडद्यावर जुनं घडणार आणि मध्येच पुन्हा आजचे आजोबा दिसणार. त्यासाठी तिने एका रिकाम्या गोदामात थिएटरची ती बाजू उभी केली होती. तीस खुर्च्या, एक भिंत आणि थेट बाहेर उघडणारं ते दार. पोरीने रंगसुद्धा विचारून विचारून तोच दिला होता. काकांना तिकडे पाहवत नव्हतं.

गोष्टीत एक जागा अशी होती की तिथे ते नेहमी भरभर बोलत. कडी लावली कुणी? चौकशीत साहेबांनी नेमकं हेच विचारलं होतं. "बाजूचं दार फाड्याकडे होतं, साहेब," काका म्हणाले होते. फाड्या म्हणजे तिकिटं फाडणारा, त्यांचा जिवाभावाचा दोस्त, एका डब्यात जेवणारा. वाक्य खोटं नव्हतंच. दार फाड्याकडेच होतं. फाड्याची नोकरी गेली, लोकांनी त्याला भर रस्त्यात शिव्या घातल्या. "मी नाही लावली," एवढंच तो म्हणत राहिला, आणि पाच वर्षांपूर्वी तेच म्हणत गेला.

"आणि आजोबा, तुमच्या वहिनी यायच्यात हं आज. फाड्याआजोबांच्या घरच्या. त्यांचंही सांगणं हवं मला."

काकांनी एकदम वर पाहिलं. "तिला कशाला गं? म्हातारं माणूस, उगाच जुनी खपली..."

"मी विचारलं, त्या लगेच म्हणाल्या, येते."

बोलता बोलता वहिनी आल्याही. काठी टेकत, पदर सावरत पुढच्या खुर्चीवर बसल्या. "बरे आहात ना भावजी?"

"बरा आहे वहिनी." छातीत कळ आली म्हणावं आणि सुटावं इथून, असं त्यांना फार वाटलं. नातीने दिलेली बॅटरी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

"काही अवघड नाही हो," नातीने त्यांना दाराशी नेऊन उभं केलं. "दिवे गेले की इथूनच गोष्ट सुरू करा. पुढे तुमच्या जागी तरुण नट येईल. आजचे तुम्ही कुठे संपलात नि तेव्हाचे कुठे सुरू झालात, कुणाला कळणारसुद्धा नाही."

कॅमेरा सुरू झाला. दिवे गेले. समोरच्या भिंतीवर पांढरा झोत पडला.

"खेळ सुरू झाला," काका म्हणाले.

बॅटरी डाव्या काखेत गेली. टाचा उचलल्या. उजवा हात वर गेला आणि खट्ट करून कडी बसली. मग दाराला दोन हिसके. बॅटरी पुन्हा हातात.

रोज तीन खेळ, पंधरा वर्षं. फुकटे लोक बाजूच्या दाराने घुसायचे, मालक सगळ्यांवरच खेकसायचा. म्हणून दिवे गेले की काका जाता जाता कडी लावून टाकत, मग दार कुणाचंही असो. "माझ्या दाराची तुला रे कसली काळजी?" फाड्या हसायचा. जित्याची खोड! डोक्याला पत्ता लागायच्या आत हाताने करून टाकलं होतं.

"आजोबा," अंधारातून नातीचा आवाज आला, अगदी लहान मुलीसारखा. "घरी निजताना तुम्ही दाराला असेच दोन हिसके देता. पण हे गोष्टीत नव्हतं."

चुकून झालं, असं म्हणता आलं असतं. पुढच्या खुर्चीत वहिनींचे डोळे झोताच्या उजेडात चमकत होते.

"त्या दिवशीही असंच झालं," ते म्हणाले. "कडी मी लावली. म्हणून तर धुरात माझाच हात बरोबर तिथे पोचला. फाड्या तेव्हा पुढच्या दारात होता. त्याला माहीतसुद्धा नव्हतं."

मग वहिनी बोलल्या, पण काकांशी नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारख्या.

"हे सांगत होते हो, मी नाही लावली. मी म्हणायचे, जगाशी काय बोलायचं ते बोला, निदान माझ्यापाशी तरी खरं बोला." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "शेवटच्या दिवशीसुद्धा मी त्यांना हेच म्हणाले."

"वहिनी, मी..."

त्यांनी हाताने थांबवलं. काठी घेऊन त्या उठल्या आणि सरळ दाराशी आल्या. हात वर केला. कडीपर्यंत पोचेना. टाचा उचलून पाहिल्या, तरी पोचेना.

काकांनी टाचा उचलून कडी काढली. दार उघडलं. बाहेर लख्ख दुपार होती. तरीही त्यांनी बॅटरी लावली आणि वहिनींच्या पावलांपुढे, उंबऱ्यापाशी धरली. त्या खाली बघत, काठी टेकत बाहेर गेल्या. काका तसेच बॅटरी धरून उभे राहिले. नातीने कॅमेरा थांबवला नाही.